तंजावरच्या क्रियापदांचा तक्ता

१७३९ साली कारैकल तंजावरच्या मराठ्यांकडून फ्रेंचांकडे गेले. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत पोथ्या आणि मोडी कागदपत्रांबरोबर सरफोजी राजे (दुसरे) यांनी जमवलेली फ्रेंच पुस्तकेही आहेत. फ्रेंच आणि मराठी क्रियापदे शेजारी मांडून पाहायला याहून योग्य गाव नाही.

फ्रेंच 'पार्ले' म्हणजे बोलणे. रोमन लिपीत त्याच्या शेवटी ई आणि आर ही दोन अक्षरे येतात. ती कापली की मूळ धातू उरतो. मग वर्तमानकाळासाठी पुरुष आणि वचनाप्रमाणे सहा प्रत्ययांपैकी एक जोडायचा. संगणकाला एवढे शिकवायला चार-पाच ओळींचा प्रोग्राम पुरतो, आणि या एका साच्यात हजारो क्रियापदे बसतात. खाचखळगे थोडेच. 'मान्झे' म्हणजे खाणे. त्याला 'आम्ही'चा प्रत्यय लावताना आधी एक ई घालावा लागतो, नाहीतर 'झ'चा उच्चार 'ग' होतो.

आता 'करणे' घ्या. युनिकोडमध्ये त्याचे चार कोड: क, र, ण आणि एकाराची मात्रा. इथेही शेवटचे दोनच कापायचे, 'कर' उरतो. 'तो' जोडला की 'करतो' तयार. पण भविष्यकाळाचा 'ईन' तसाच चिकटवला तर 'करईन' होते. म्हणून प्रोग्रामने धातूचा शेवट तपासायचा: व्यंजन असेल तर 'ई'च्या जागी वेलांटी घालून 'करीन', स्वर असेल तर 'ई' तशीच ठेवून 'जाईन'. शिवाय वर्तमानकाळात 'करतो' की 'करते' हे कर्त्याच्या लिंगावर ठरते. फ्रेंचच्या त्या सहा रूपांना ही भानगड नाही.

म्हणजे अवघड भाग प्रोग्रामचा नाही, प्रत्ययांच्या तक्त्याचा आहे. फ्रेंचचा तक्ता शाळेच्या कुठल्याही व्याकरणात मिळतो, पुण्या-मुंबईच्या मराठीचाही मिळतो. तंजावरच्या मराठी घरांत आजही बोलली जाणारी मराठी मात्र या तक्त्यात जशीच्या तशी बसत नाही. तिला तमिळचा साडेतीन शतकांचा सहवास आहे, आणि ती लिहिण्यापेक्षा बोलण्यातच जास्त जगली. तिचा तक्ता घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी आहे. आपला तक्ता तिच्यावर लादून तिची रूपे 'चुकीची' ठरवणारा प्रोग्राम मला नको.

तंजावरकडचे नातलग असतील तर त्यांच्या आजी-आजोबांकडून करणे, जाणे, खाणे, देणे यांची सगळी रूपे त्यांच्याच बोलीत म्हणवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐकू येतील तशीच लिहून ठेवा.