जालन्याच्या रुळांवरचं अल्को

केदारखेड्याला रेल्वे नाही. भोकरदन तालुक्यातल्या या गावाच्या माणसाला गाडी पकडायची तर एसटीनं राजूरवरून आधी जालना गाठावं लागतं. तिथून परतूर-सेलू-परभणीकडे जा, नाहीतर बदनापूर-करमाडवरून संभाजीनगर-मनमाडकडे. मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आल्यावर या मार्गावरच्या पॅसेंजरपुढे वर्षानुवर्षं जुंपलेलं दिसायचं ते अल्को जातीचं डिझेल इंजिन. रेल्वेच्या भाषेत डब्ल्यूडीएम-२ आणि त्याचीच वाढीव ताकदीची भावंडं. त्या इंजिनानं मराठवाड्याची किती सेवा केली, हे नीट लिहून ठेवायला हवं.

हा मार्ग निजामाच्या काळातला. १९००च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग पुरा झाला. मनमाडला तो ब्रॉडगेजला भिडायचा, म्हणून मुंबईला निघालेल्या माणसाला तिथं गाठोड्यांसकट गाडी बदलावी लागे आणि मालही एका वाघिणीतून दुसरीत चढवावा लागे. नव्वदच्या दशकात या भागातले रूळ रुंद झाले आणि ही यातायात संपली.

अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी, न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडीची. तिची ही इंजिनं १९६२ साली भारतात आली. १९६४ पासून ती वाराणसीच्या डिझेल कारखान्यात घडू लागली. पुढे १९६९ मध्ये मूळ कंपनीनं इंजिनं बांधणंच बंद केलं. वाराणसीनं मात्र तोच आराखडा सुधारत पुढची चार दशकं आणि वरही काही वर्षं चालवला. परक्याचं यंत्र इतकं आपलंसं करून घेतल्याची उदाहरणं आपल्या उद्योगात फार नाहीत.

आत सोळा सिलिंडर, ताकद २६०० अश्वशक्ती, वजन सुमारे ११२ टन. पण इंजिन थेट चाकं फिरवत नाही. ते जनरेटर फिरवतं आणि त्या विजेवर सहा आसांवरच्या सहा मोटारी चालतात. म्हणजे ते आपलं वीजघर पोटात घेऊनच धावायचं. टाकीत पाच हजार लिटर डिझेल मावायचं. वाफेच्या इंजिनाला लांबच्या प्रवासात पुन्हा पुन्हा पाणी पाजावं लागे. पाण्यासाठी तहानलेल्या मराठवाड्यात डिझेलची सोय किती मोठी होती, हे वेगळं सांगायला नको.

पॅसेंजर ओढणं या इंजिनाच्या अंगावर येणारं काम होतं. एक्सप्रेस एकदा वेगात आली की इंजिनाला दम खाता येतो. पॅसेंजरला दिनेगाव, बदनापूर, करमाड, चिकलठाणा असं थांबत जायचं. प्रत्येक ठिकाणी शून्यातून उठायचं. ड्रायव्हर हँडल एकेक नॉच पुढे सरकवी. डिझेल लगेच वाढे, पण इंजिनात हवा कोंबणारा टर्बो वेग घेईपर्यंत हवा कमी पडे, म्हणून न जळलेल्या इंधनाचा काळा धूर उसळे. नॉच आठच, पण कुठला कधी घ्यायचा यात ड्रायव्हरची सारी हुशारी. घाई केली तर चाकं जागेवरच फिरत.

केबिन एकाच टोकाला. लांब तोंड पुढे करून गाडी न्यायची वेळ आली की समोर सारं यंत्रघर आडवं येई. सिग्नल एका बाजूनं दिसे, दुसऱ्या बाजूचं सहायकानं पाहून मोठ्यानं सांगायचं. उन्हाळ्यात त्या तापलेल्या केबिनमध्ये तासन् तास उभं राहून-बसून ही माणसं काम करत. एकेरी मार्ग असल्यानं क्रॉसिंगला पॅसेंजरलाच थांबवत. तेव्हाही इंजिन बहुधा चालूच ठेवत, कारण बंद केलं तर पुन्हा सुरू करायला बॅटरी साथ देईलच याची खात्री नसे. धूर, आवाज आणि डिझेलची उधळपट्टी हे अल्कोचे खरे दोष होते. ते झाकू नयेत.

म्हणून त्यांची निवृत्ती चुकली असं मी म्हणणार नाही. ४००० अश्वशक्तीची नवी डिझेल इंजिनं आली आणि त्यांच्यामागून विजेच्या तारा. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला वंदे भारत सुटली, ती विजेवर. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १७४ किलोमीटरच्या जालना-जळगाव लोहमार्गाला मंजुरी दिली. तो भोकरदन तालुक्यातून जाणार आहे. केदारखेड्याच्या परिसरात रेल्वे येईल तेव्हा डिझेलचा जमाना सरलेला असेल.

भारतात आलेलं पहिलं डब्ल्यूडीएम-२, क्रमांक १८०४०, दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. पण दिल्ली लांब आहे. रेल्वेनं भंगारात काढलेल्या अल्कोंपैकी एक जालना स्थानकाच्या आवारात उभं करावं, शेजारी त्याची यंत्ररचना मराठीत मांडावी. आणि ज्यांच्या घरी डिझेलवर काम केलेले निवृत्त ड्रायव्हर, सहायक किंवा शेडमधले फिटर आहेत, त्यांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं. इंजिन एखादं कुठंतरी शिल्लक राहील, पण या माणसांचं ज्ञान आता उतरवून घेतलं नाही तर ते पुन्हा मिळणार नाही.