कोयनेच्या पोटातील भेगा

कोयना परिसरात वर दिसतो तो काळा बेसाल्ट. भूकंपाचे मूळ मात्र त्याखालच्या ग्रॅनाइटी खडकातील जुन्या भेगांत आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा धक्का बसला आणि १०३ मीटर उंचीच्या धरणालाही तडे गेले. बहुतेक तज्ज्ञांच्या मते जलाशयामुळे खोलवरच्या भेगांतील पाण्याचा दाब वाढतो आणि आधीच ताणाखाली असलेला खडक सरकतो. (पाणी हे निमित्त, ताण पूर्वीचाच.) २०१७ मध्ये गोठणे येथे पूर्ण झालेल्या तीन किलोमीटर खोल विंधनविवराने सुमारे १,२५० मीटरखाली ग्रॅनाइट गाठला. धरण वा बोगदा आखताना वरच्या खडकाची मजबुती तपासणे म्हणूनच अपुरे ठरते. भेग किती कललेली, पाणी तिच्यात कुठून शिरते, हेही पाहावे लागते. धरण नंतर भक्कम करण्यात आले. धक्के मात्र थांबलेले नाहीत.