बाबांची 'साधी अॅसिडिटी'

"अगं, काही नाही, अॅसिडिटी आहे." गेलं वर्षभर बाबांचं हे एकच पालुपद. मी पुण्यात डेडलाइनच्या मागे, ते साताऱ्यात. फोनवर मी विचारायचं, त्यांनी हे म्हणायचं, विषय क्लोज!

दिवाळीला घरी गेले आणि चरकलेच. एक जिना चढून बाबा धापा टाकत होते, चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन निघालं सात. खूप खोदून विचारल्यावर ओशाळत म्हणाले, "शौचाला काळं होतंय. डांबरासारखं."

एन्डोस्कोपी, सीटी स्कॅन, बायॉप्सी. जठराच्या भिंतीत सहा सेंटीमीटरची गाठ. नाव गॅस्ट्रोइन्टेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर, थोडक्यात 'जिस्ट'. मी तर हे नावही ऐकलं नव्हतं! हा तसा दुर्मीळ कॅन्सर. निम्म्याहून जास्त वेळा जठरात होतो, त्याखालोखाल लहान आतड्यात. बहुतेक पेशंट पन्नाशीपुढचे. गाठ अस्तराखाली गुपचूप वाढते, म्हणून लवकर पत्ता लागत नाही. थोडंसं खाल्लं तरी पोट भरणं, पोटदुखी, आतल्या आत रक्त गेल्याने थकवा. यातलं काय आपण 'अॅसिडिटी' म्हणून खपवत नाही, सांगा?

सर्जननी कागदावर जठर काढून समजावलं. गाठ अख्खी काढायची, फुटू द्यायची नाही. फुटली तर पेशी पोटात सांडतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. भोवतीची थोडी निरोगी कड धरून जठराचा तेवढाच भाग कापायचा. लिम्फ नोड्स सहसा काढावे लागत नाहीत. गाठ लहान आणि सोयीच्या जागी असेल तर हे दुर्बिणीतूनही जमतं. बाबांचं पोट मात्र उघडावं लागलं.

पुढचं ठरतं रिपोर्टवर: गाठीचा आकार, जागा आणि पेशी विभागण्याचा वेग. धोका जास्त असेल तर इमॅटिनिबची गोळी, रोज, साधारण तीन वर्षं. बाबांची सुरू आहे. अधूनमधून सीटी स्कॅनही असतो, आणि त्याच्या आदल्या रात्री आम्हा कुणालाच झोप लागत नाही.

काळी शौच लोहाच्या गोळ्यांनीही होते, त्यामुळे लगेच घाबरू नका. पण गोळ्या चालू नसताना तसं झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि या वीकेंडला घरी फोन कराल तेव्हा 'अॅसिडिटी आहे' या उत्तरावर थांबू नका. पुढचा, जरा अवघड वाटणारा प्रश्नही विचारा. मी तो वर्षभर विचारला नव्हता.