एक तारीख, दोन पुढारी

२ ऑक्टोबर म्हटले की गांधीजी आठवतात. पण त्याच तारखेला आणखी एक मोठे पुढारी जन्मले. ते लालबहादूर शास्त्री.

गांधीजी १८६९ साली पोरबंदरला जन्मले. वडील संस्थानचे दिवाण. शास्त्रीजी १९०४ साली काशीजवळ मोगलसराईला जन्मले. वडील साधे शिक्षक. बाळ दीड वर्षाचे होते, तोच ते वारले.

दोघांत पस्तीस वर्षांचे अंतर. मग ते जोडले गेले कसे? तारखेने नव्हे, बरं का! गांधीजींनी हाक दिली, 'सरकारी शाळा सोडा.' १९२१ साली सोळा वर्षांच्या लालबहादूरने ती ऐकली आणि शाळा सोडली. पुढे तो काशी विद्यापीठात शिकला. तिथली पदवी 'शास्त्री'. तीच नावाला चिकटली.

१९६४ साली शास्त्रीजी पंतप्रधान झाले. १९६५ साली लढाई आली, धान्यही कमी पडले. त्यांनी घोषणा दिली, 'जय जवान, जय किसान'. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा, असेही सांगितले. पुष्कळांनी ते मानले.

आपल्यातल्या कितीकांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही. त्याची लाज नको. मुलांची मात्र नोंदवून ठेवावी. तारीख कुणाच्या हाती नसते. काम हाती असते. आम्ही तर म्हणतो, माणूस कामानेच ओळखावा.