बेटावरचा मुक्काम : सौदा करण्याआधी हिशेब मांडा

आर्वी : कापसाची गाडी घेताना आपण वरचा थर पाहून भाव बोलत नाही. हात आत घालून ओल पाहतो, मगच बोली करतो. समुद्रातल्या एखाद्या दूरच्या बेटावर चार दिवस राहण्याचा बेत मात्र आपले अनेक बंधू नुसते छायाचित्र पाहून ठरवतात. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान लक्षद्वीपला जाऊन आले, तेव्हापासून तर ही चर्चा आपल्यासारख्या गावांतही ऐकू येते. म्हणून या सौद्याची जमा आणि खर्च, दोन्ही बाजू पाहू.

जमेची बाजू

लक्षद्वीप हा आपल्याच देशाचा केंद्रशासित प्रदेश आहे. एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्तीची बेटे १०. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ असून त्यात ९६ टक्क्यांहून अधिक मुसलमान आहेत. त्यामुळे वस्तीच्या बेटावर हलाल जेवण शोधावे लागत नाही आणि जुम्याची नमाज चुकत नाही. पाणी स्वच्छ, गर्दी कमी, गाड्यांचा गोंगाट नाही. वर्षभर गादीवर बसणाऱ्या माणसाला आणि घराबाहेर न पडलेल्या घरच्या मंडळींना असा आराम मिळणे ही लहान गोष्ट नाही.

पूर्वी दुकान सोडून गेले की गावाशी संपर्क तुटत असे. जानेवारी २०२४ मध्ये कोचीहून समुद्राखालून टाकलेली तार सुरू झाली. बंगारामसह ११ बेटे तिला जोडलेली आहेत. दुकानात विश्वासू माणूस असेल तर भाव-ताव फोनवर कळू शकतो.

खर्चाची बाजू

पहिला खर्च दिवसांचा. आर्वीहून नागपूर, नागपूरहून रेल्वेने एर्नाकुलम सुमारे दीड दिवस, आणि कोचीहून जहाजाने आणखी १४ ते १८ तास. जहाजाची वाट पाहणे धरले तर एका बाजूचे तीन दिवस सहज जातात. म्हणजे चार दिवसांच्या मुक्कामासाठी दुकान दहा दिवस दुसऱ्याच्या हाती. कोचीहून अगत्तीला विमान आहे, पण ते लहान असते आणि जागा मोजक्या. शिवाय बेटावर पाऊल ठेवण्यासाठी प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. तो हाती येण्याआधी तिकिटात पैसे अडकवू नयेत.

दुसरा खर्च हंगामाचा, आणि आपल्याकडे हाच मोठा. बेटांवर जाण्याचा चांगला काळ ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत. आर्वीत नेमका तेव्हाच दिवाळीपासून मार्चपर्यंत कापूस आणि त्याच सुमारास संत्र्याचा बहार बाजारात असतो. पावसाळ्यात आपल्याला सवड असते, तेव्हा समुद्र खवळलेला असतो आणि लहान बोटी बंद राहतात. त्या दिवसांत मुक्कामाचे दर उतरलेले दिसले तर ते कशामुळे, हे ओळखावे.

तिसरी गोष्ट आजारपणाची. बेटांवर दवाखाने आहेत, पण रुग्ण गंभीर झाला तर त्याला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते आणि हवा खराब असेल तर थांबावे लागते. हृदयविकाराचे किंवा डायलिसिसवरचे वडीलधारे सोबत असतील तर हा धोका पत्करू नये.

एकाच दुकानाचे गाव

आता भावाचे. बेटावर मासळी आणि नारळ सोडले तर तांदूळ, भाजी, सिमेंट, जवळपास सारे जहाजाने येते. पिण्याचे पाणीही जपून वापरावे लागते. कवरत्तीत समुद्राच्या पाण्यापासून दिवसाला १ लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प २००५ मध्ये उभारावा लागला. त्यामुळे वस्तू महाग असणारच. पण जिथे संपूर्ण बेट एकाच हॉटेलचे असते, तिथे आणखी एक कारण जोडले जाते : गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊच शकत नाही. घासाघीस गिऱ्हाईक उठून जाऊ शकते म्हणून चालते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मालदीवचे उदाहरण पाहा. तिथे १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट उघडले आणि पुढे ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ हीच पद्धत रुळली. २०१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर साध्या अतिथीगृहांना वाट मिळाली, तेव्हा मध्यम ऐपतीच्या पाहुण्याला निवड करता येऊ लागली. वस्तीच्या बेटावर दारू विकली जात नाही, रिसॉर्टवर विकली जाते. लक्षद्वीपमध्येही दारूबंदीतून सवलत मिळाली ती वस्ती नसलेल्या बंगारामला. कुटुंब घेऊन जाणाऱ्याने हे आधीच जाणून घ्यावे.

मालदीवच्या बिलातही ओल असते. १० टक्के सेवाशुल्क आणि जुलै २०२५ पासून त्यावर १७ टक्के कर. म्हणजे १०० रुपयांची खोली १२८ रुपये ७० पैशांना पडते. शिवाय रिसॉर्टवर माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर. चार माणसे, चार रात्री : १९२ डॉलर. लहान अतिथीगृहात तोच कर निम्मा लागतो.

काय करावे?

कापसाच्या व्यापाऱ्याने एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला आठवडा निवडावा. शिंपीकाम करणाऱ्या बंधूंनी रमजान आणि लग्नसराई पाहून तारीख ठरवावी. ठरलेल्या दिवसांच्या पुढे दोन दिवस मोकळे ठेवावेत. जहाज चुकले म्हणून देणेकऱ्याचा वायदा चुकू नये. नियमित औषधे दुप्पट न्यावीत. कर, बोट आणि जेवण धरून एकूण रक्कम आधी लिहून घ्यावी. आणि शक्यतो माणसांच्या वस्तीच्या बेटावर उतरावे. तिथे दुसरे दुकान असते, मशीद असते, आणि आपला पैसा तिथल्या कोळ्याच्या व काथ्या वळणाऱ्या कारागिराच्या हाती जातो.

हा हिशेब जमत असेल तर खुशाल जावे. मात्र कर्ज काढून किंवा भर हंगामात गादी रिकामी ठेवून गेलेल्या माणसाचे लक्ष समुद्राकडे नसते, आर्वीच्या बाजाराकडे असते. असा मुक्काम घरच्यांनाही सुखाचा होत नाही.