'नाइस' शब्दाचा प्रवास

विद्यार्थी मित्रांनो, मित्राचे अक्षर सुंदर असले, कुणी नवा सदरा घातला किंवा ईदच्या शेवया गोड झाल्या, की तुम्ही पटकन काय म्हणता? 'नाइस!' हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात चांगलाच रुळला आहे. पण सुमारे सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये तुम्ही कुणाला 'नाइस' म्हटले असते, तर तो माणूस रागावला असता. कारण त्या काळी या शब्दाचा अर्थ होता 'मूर्ख'!

आश्चर्य वाटले ना? या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. लॅटिनमध्ये 'ने' म्हणजे नाही आणि 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्यांपासून 'नेस्कियुस' म्हणजे 'न जाणणारा', अज्ञानी हा शब्द झाला. गंमत अशी की, 'सायन्स' हा शब्दही याच 'स्कीरे'पासून आला आहे. म्हणजे 'सायन्स' आणि 'नाइस' हे एकाच घराण्यातले!

पुढे हा शब्द फ्रेंच भाषेत गेला. तेथे तो लहान झाला आणि त्याचा अर्थ 'मूर्ख' असा झाला. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबारात फ्रेंच भाषा आली आणि तिचे कितीतरी शब्द इंग्रजीत मिसळले. त्यांत हाही होता. इ. स. १४०० मध्ये वारलेल्या चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यात तो 'मूर्ख' या अर्थाने येतो.

हळूहळू अर्थ बदलत गेला. आधी 'फार चोखंदळ', मग 'बारीक फरक ओळखणारा, अचूक' आणि अठराव्या शतकात 'छान'. मग मात्र लोक ऊठसूट तोच शब्द वापरू लागले. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिन यांच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीत एक तरुण या सवयीची थट्टा करतो.

आता आपला 'शाबास' पाहा. तो फारसीतून उर्दूत आणि मराठीतही आला. 'शाद' म्हणजे आनंदी आणि 'बाश' म्हणजे राहा. शाबास म्हणजे 'आनंदी राहा'. केवढा प्रेमळ आशीर्वाद!

एक गोष्ट सांगतो. एकदा घाईघाईत मी एका वहीवर 'नाइस' असे लिहिले. दुसऱ्या दिवशी तो मुलगा वही घेऊन आला आणि हळूच म्हणाला, "सर, यात नाइस काय आहे?" मी गप्प झालो. खरे म्हणजे मी निबंध पुरता वाचलाच नव्हता. 'न जाणणारा' हा जुना अर्थ त्या दिवशी मलाच लागू पडला!

मी वही घरी नेली आणि निबंध नीट वाचला. रात्री उशिरापर्यंत शिवणकाम करणाऱ्या आपल्या अम्मीविषयी त्याने लिहिले होते. मशीनचा आवाज थांबला की त्याला जाग येते, हे वाक्य मला फार आवडले. त्या वाक्याखाली रेघ ओढून मी लिहिले, 'हे तू स्वतः पाहिले आहेस, म्हणून ते खरे वाटते. शाबास!'

मित्रांनो, स्तुती जरूर करा. पण आधी नीट पाहा, नीट ऐका आणि काय आवडले ते सांगा. अशी स्तुती ऐकणाऱ्याच्या कायम लक्षात राहते.