हिमवादळाच्या आदल्या रात्री

जानेवारी 2015 ची न्यूयॉर्कची फजिती सगळ्यांना ठाऊक आहे. 20 ते 30 इंच बर्फ येणार म्हणून शहर बंद केलं, आणि सेंट्रल पार्कात पडला 9.8 इंच. आतली गोष्ट मात्र दोन हवामान मॉडेलांच्या चुरशीची आहे. 2012 च्या सँडी वादळाचा मार्ग युरोपीय मॉडेलने आधी ओळखला, तेव्हापासून अमेरिकी अंदाजकारांवर त्याचा मोठा वचक होता. या वेळी त्याने न्यूयॉर्कवर बर्फाचे ढीग दाखवले. त्याच महिन्यात सुधारून रुजू झालेलं अमेरिकी मॉडेल कमी बर्फ सांगत होतं, पण वजन पडलं ते युरोपीय आकड्याचं. वादळ जरासं पूर्वेला सरकलं. बॉस्टनला दोन फूट बर्फ मिळाला, न्यूयॉर्क वाचलं आणि शब्द खरा ठरला तो घरच्या मॉडेलचा.

त्या रात्री न्यूयॉर्कची भुयारी रेल्वेही बंद ठेवली होती. बर्फामुळे असं इतिहासात पहिल्यांदाच घडलं. आत गाड्या धावतच होत्या, फक्त प्रवाशांविना!

न्यू जर्सीत एडिसनसारख्या गावांत आपली कितीतरी मराठी घरं आहेत. त्यांचा अंदाज येतो माउंट हॉलीच्या कार्यालयातून. तिथले तेव्हाचे प्रमुख गॅरी शॅट्कोव्स्की यांनी मध्यरात्रीनंतर ट्विटरवर लोकांची थेट माफी मागितली. तुम्ही आमच्या भरवशावर कठीण निर्णय घेतलेत आणि आम्ही चुकलो, असा त्याचा आशय होता. सरकारी खात्याच्या माणसाने असं उघड बोलणं दुर्मीळच. वादळ विसरलं गेलं, माफी मात्र अजून आठवते.

दोन वर्षांनी, 13 मार्च 2017 ला, न्यूयॉर्कवर पुन्हा मोठ्या हिमवादळाचा इशारा असताना मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अंदाज केंद्राची मंडळी स्थानिक कार्यालयांशी फोनवर बोलत होती. जमिनीपासून थोडं वर उबदार हवेचा पातळ थर घुसला की बर्फ वितळतो, खाली येताना पुन्हा गोठतो आणि भुसभुशीत बर्फाऐवजी टणक खडे पडतात. हा थर न्यूयॉर्ककडे सरकतोय, हे ताज्या आकड्यांत दिसू लागलं होतं. तरी इशारा बदलायचा नाही असं ठरलं. ऐन वेळी आकडा उतरवला तर लोक गोंधळतील आणि गाफील राहतील, ही भीती होती. सेंट्रल पार्कात जेमतेम साडेसात इंच भरला. त्याच वादळाने बिंगहॅम्टनला मात्र 30 इंचांहून अधिक बर्फाखाली गाडलं. बर्फापेक्षा जास्त चर्चा झाली ती त्या फोनवरच्या निर्णयाची.

अंदाजकारांची बाजूही समजून घ्यायला हवी. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ होतो. पावसात कुणाच्या लक्षातही न येणारी चूक बर्फात दहापट फुगून दारात उभी राहते.

मोजणीची तऱ्हाही ऐका. ताजा बर्फ एका पांढऱ्या फळीवर मोजतात आणि ठरावीक तासांनी ती पुसून पुन्हा ठेवतात. जानेवारी 2016 च्या वादळात वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर ही फळीच बर्फात हरवली. इकडून तिकडून खोली मोजून आकडा दिला गेला 17.8 इंच, जवळच्या डलेस विमानतळावर 29.3! लगेच चौकशी लागली. तिकडे सेंट्रल पार्कात नोंद झाली 26.8 इंच. 2006 चा विक्रम 26.9 चा होता, म्हणजे एक दशांश इंचाने हुकला. फेरतपासणीत तो आकडा 27.5 निघाला आणि नेवार्क विमानतळाचा आकडा बाद झाला. न्यूयॉर्कचा बर्फाचा विक्रम असा एप्रिलच्या अखेरीस झाला.

मार्च 1993 चं महावादळ हा या मंडळींचा सर्वांत मोठा विजय मानला जातो. लुई उच्चेलिनी तेव्हा राष्ट्रीय केंद्रात अंदाजाची धुरा सांभाळत होते. 1979 मध्ये वॉशिंग्टनला बेसावध गाठणाऱ्या हिमवादळाचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. या वेळी पाच दिवस आधी चाहूल लागली आणि पहिला कण पडण्याआधीच राज्यपालांनी आणीबाणी जाहीर केली. पण सगळ्यांचं लक्ष बर्फावर असताना, 13 तारखेच्या पहाटे फ्लोरिडाच्या आखाती किनाऱ्यावर समुद्र घरांत शिरला. इशारा उशिरा पोहोचला. लोक झोपेत होते, अनेक जीव गेले. हिमवादळाच्या विजयाची ही किंमत पाण्याने वसूल केली.

आता स्थानिक कार्यालयं एका आकड्याऐवजी तीन नकाशे देतात: बहुधा किती, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती. पूर्वी जी शंका फोनवरच्या बैठकीत राहायची, ती आता लोकांच्या हातात येते, आणि मला हा गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोलाचा बदल वाटतो. त्यातला सर्वांत मोठा आकडा उचलून मिरवण्याचा मोह आवरायला हवा. अंदाजकाराने स्वतःची शंका लपवली नाही, तर वाचणाऱ्यानेही ती वगळू नये.